स्टॉपरच्या जागेवर

टीव्हीवर मोठी मॅच सुरू व्हायच्या आधी कोट घातलेले तीन लोक टेबलामागे बसतात आणि एखाद्या स्टार खेळाडूचे गोडवे गातात. बघा, एवढा मोठा माणूस, पण संघासाठी त्यानं स्वतःची भूमिका बदलली. गोल मारायचा हट्ट सोडला, जरा मागे उतरला, दुसऱ्यांना पुढे जाऊ दिलं. केवढा हा त्याग! मुलचेऱ्याजवळच्या माझ्या गावात खाटेवर बसून मी हे ऐकतो आणि मला हसू येतं. माणूस वीस पावलं मागे सरकला, त्याचा एवढा गाजावाजा. जो बिचारा आयुष्यभर त्याच जागेवर खेळत होता आणि आता या त्यागमूर्तीला जागा करून देण्यासाठी बाकावर जाऊन बसला, त्याच्याबद्दल कोटवाले चकार शब्द काढत नाहीत.

स्टार लोकांना मी चांगला ओळखतो, कारण मी स्वतः एक होतो. जगाचा नाही, आमच्या तालुक्यातल्या दहा-बारा गावांचा. पण नखरे जगातल्या कुठल्याही स्टारच्या तोडीचे होते.

आमच्या भागात फुटबॉल आणला तो बंगाली गावांनी. निर्वासित म्हणून त्यांना इथं वसवलं, त्यांनी रान मोडून धान पिकवलं आणि धान कापून झालं की त्याच बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, बॉल आणला. आमची मराठी गावं आधी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून बघायची. मग खेळायला लागली, आणि दोन-तीन वर्षांतच बंगाल्यांना फुटबॉल शिकवायला लागली. न येणारी गोष्ट दुसऱ्याला शिकवण्यात आमच्या गावाचा हात कोणी धरणार नाही. माझा तर नाहीच, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे.

दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास आमच्या गावची टुर्नामेंट असते. मैदानाच्या एका बाजूला मांडव, मांडवात पाहुणे आणि माईक. माईकवर आमचे कृषी केंद्रवाले बसतात. युरियाच्या पोत्यांवर बसून जो आवाज कमावला तो सगळा ते तिथं खर्च करतात. आता आमच्याकडची रीत अशी की, गोल झाला की माईकवर गोल मारणाऱ्याचं नाव पुकारलं जातं आणि लोकांमधून त्याला बक्षिसं येतात. कोणी नारळ देतो, कोणी दुपट्टा, कोणी स्टीलचा डबा, आणि फायनलला कोणीतरी गावठी कोंबडा देतोच. गोल मारणाऱ्यानं लगेच पळत मांडवात जायचं, कोंबडा उचलून लोकांना दाखवायचा, मग परत यायचं. तेवढा वेळ खेळ थांबत नाही. फायनल पाचच्या आत संपवावी लागते, कारण लोकांना उजेड आहे तोवर जंगलातून घरी जायचं असतं. त्यामुळे रेफरी शिट्टी वाजवतो आणि मांडवातला हिरो परत येईपर्यंत त्याची टीम दहाजणांत खेळते. यात काही चुकतंय असं आजपर्यंत कोणाला वाटलेलं नाही.

बक्षीस फक्त गोल मारणाऱ्याला. पास देणाऱ्याला काही नाही, अडवणाऱ्याला काही नाही, गोलकीपरनं छातीवर बॉल झेलून प्राण पणाला लावले तरी त्याला फार तर शेजारच्या पोरानं पाणी दिलं तर दिलं. या रीतीनं जे खेळाडू घडवले ते बघण्यासारखे आहेत. एकाच टीमच्या दोन फॉरवर्डना मी गोलसमोर एकमेकांच्या पायातून बॉल काढताना पाहिलं आहे. एक विंगर होता, तो पहिल्या हाफमध्ये उजवीकडून खेळायचा आणि हाफटाइमनंतर डावीकडून, कारण मांडव त्या बाजूला यायचा. त्याला कोणी विचारलं की म्हणायचा, मी दोन्ही पायांचा प्लेयर आहे. एकदा आम्ही राजुऱ्याकडून, खाणीच्या टीमकडून खेळणारा एक स्टार पाहुणा खेळाडू म्हणून आणला. जीपमधून उतरला, चष्मा काढला आणि म्हणाला, मी फक्त फ्री किक मारतो. उरलेला वेळ तो कमरेवर हात ठेवून मैदानाच्या मधोमध उभा होता, जसा एखादा साहेब रोजगार हमीच्या कामावर पाहणीला येतो तसा. फ्री किक एकच मिळाली. ती त्यानं मांडवावर मारली. जेवायला मात्र पहिल्या पंगतीला बसला.

तर अशा लोकांमध्ये मी दहा नंबर घालून वीस वर्षं खेळलो. मागे येणं मला माहीत नव्हतं. बॉल हरवला की मी तिथंच उभा राहून हात पसरायचो, जणू चूक बॉलची आहे. घरी दुपट्ट्यांचं एक गाठोडं आहे, बायको त्यातून फरशी पुसायला एकेक काढते.

मी असा उभा राहू शकलो तो माझ्या मागे जो होता त्याच्यामुळे. आमचा स्टॉपर. गोलकीपरच्या पुढे, सगळ्या बॅकच्या मधोमध उभा राहणारा शेवटचा माणूस. आम्ही पहिलीपासून एका वर्गात. आता तो वीज मंडळात लाइनमन आहे. उंच, हाडापेरानं मजबूत आणि मैदानाबाहेर बोलायला कमी. आठवीत असताना शाळेची टीम निवडली तेव्हा शिक्षकांनी विचारलं, समोर कोण खेळतो? मी हात वर केला. मागे कोण? कोणीच हात वर केला नाही, तेव्हा त्यानं केला. बस, एवढ्यावर आमची निवड झाली. पुढची वीस-पंचवीस वर्षं कोणी परत विचारलं नाही, आणि मी तर विचारणार नव्हतोच.

खरं सांगायचं तर तो माझ्यापेक्षा चांगला खेळाडू होता. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा कोणी म्हणालं असतं तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बेचाळीस वर्षांचा झालो होतो आणि सेमीफायनलमध्ये माझी अवस्था सगळ्या गावानं पाहिली होती. बॉल पुढे जायचा आणि मी मागून त्याला निरोप द्यायचो. तरी आम्ही कसेबसे फायनलला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर टीमची मीटिंग झाली. आमचा कॅप्टन माझाच जुना विद्यार्थी, गणितात मी ज्याला दोनदा पुढे ढकललं तो. मोबाइलवर परदेशातल्या मॅचेस बघून बघून त्याला ज्ञान झालं होतं.

"सर, मॉडर्न फुटबॉलमंदी मोठमोठे स्टार खाली उतरून खेळून राह्यले," तो म्हणाला. "थे लोक रोल चेंज करते. टीमसाठी."

"वयानं उतरत असतील," मी म्हणालो.

"थेच म्हनून राह्यलो, सर."

लोक हसले. मी नाही हसलो. त्याचा बेत असा होता की, मी स्टॉपरच्या जागेवर मागे जायचं, कारण तिथं पळावं कमी लागतं आणि मला ओरडता चांगलं येतं. आणि आमच्या स्टॉपरनं दहा नंबर घालून पुढे जायचं, कारण तो उंच आहे, डोक्यानं गोल मारेल. मी उठून चप्पल घातली आणि निघून आलो. बेचाळीस वर्षांचा माणूस, दोन लेकरांचा बाप, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शाळेत पोराच्या हातातून खडू काढून घेतला की ते जसं रुसतं तसा मी रुसलो होतो.

त्याच संध्याकाळी लाइनमन घरी आला. गाडी लावली, कमरेची पक्कड काढून ओट्यावर ठेवली आणि चहाचा कप हातात घेतला.

"तू नाई म्हनशीन तं मी खेळत नाई समोर," तो म्हणाला. "पन ऐक गा. चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, मनक्यात गॅप हाये. खंब्यावर चढनं बंद, खेळनं बंद. ही आखरी मॅच."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तो दोन वर्षं वाकताना कमरेला हात लावायचा हे मी पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं.

"माही पोरगी येऊन राह्यली फायनलले," तो पुढे म्हणाला. त्याची मुलगी ब्रह्मपुरीला कॉलेजात होती, होस्टेलवर राहायची. "लहानपनी ते दर डाव विचारे, बाबा, सर काकाचं नाव येते माईकवर, तुमचं काऊन नाई येत? मी म्हनो, येईन एखाद डाव. आता ते विचारत नाई. पन मले वाटते, एक डाव यावं. एक गोल. मंग झालं."

मी हो म्हणालो. इतकं सोपं होतं ते. पण मी ते कसं म्हणालो हे सांगितलं पाहिजे. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आवाज जड केला आणि म्हणालो, "जा, तुझ्यासाठी मी मागे जातो." जसं काही त्याला दोन एकर धानाचं रान लिहून दिलं. तो गरीब माणूस, त्यानं माझे दोन्ही हात धरले.

त्यानंतरचे चार दिवस मी माझा त्याग गावभर वाटत फिरलो. शाळेत सहकाऱ्यांना सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, व्हॉट्सअॅपवर स्टेटस ठेवलं की, खरा खेळाडू संघासाठी झिजतो. खाली जोडलेल्या हातांची चित्रं. कृषी केंद्रवाल्यांना मुद्दाम जाऊन सांगितलं, की मी मागे खेळणार आहे हे माईकवरून जरा जाहीर करा, नाहीतर लोकांना वाटेल मला काढलं. टीव्हीवरच्या कोटवाल्यांना मी नावं ठेवतो, पण त्या चार दिवसांत मी एकटाच तिघांचं काम करत होतो.

फायनल दुपारी तीनला सुरू झाली. समोर शेजारच्या बंगाली गावाची टीम. सगळी पोरं सडपातळ, एकमेकांकडे न बघता एकमेकांना पास देणारी. त्यांच्यात स्टार कोण ते कळत नव्हतं आणि म्हणूनच ते दर वर्षी जिंकायचे. आमची मंडळी याला त्यांचं नशीब म्हणायची.

लाइनमननं माझा दहा नंबर घातला होता. तो त्याला आखूड होत होता, पोट उघडं पडत होतं. त्याची मुलगी मांडवाच्या कडेला बायकांमध्ये उभी होती, मोबाइल हातात तयार ठेवून.

स्टॉपरच्या जागेवरून मैदान निराळं दिसतं. पुढे खेळताना मी कायम समोरच्यांची तोंडं पाहिली होती. मागे उभं राहिलं की आपल्याच माणसांच्या पाठी दिसतात. कोणी वळून बघत नाही. आपण आहोत असं सगळे धरून चालतात. आणि काम किती असतं! सारखं बोलावं लागतं, डावीकडं सरक, त्याला धर, बॉल सोडू नको. इतकी वर्षं माझ्या मागून हा आवाज येत होता आणि मला तो म्हणजे लाइनमनची बडबड वाटायची. पंधरा मिनिटांत माझा घसा बसला. दोनदा त्यांची पोरं माझ्या बाजूनं निसटली, दोनदा आमच्या लेफ्ट बॅकनं लोळण घेऊन मला वाचवलं. मी त्याला शाबासकीसुद्धा दिली नाही.

पुढे लाइनमनचं जमत नव्हतं. एक बॉल डोक्यानं वरून मारला. दुसऱ्या वेळी गोलकीपर एकटा समोर होता, पण यानं वळायला वेळ लावला, कमर साथ देत नव्हती, आणि कीपरनं बॉल काढून घेतला. धुऱ्यावरून कोणीतरी ओरडलं, "अरे खंब्यावर जा बापा, खंब्यावर!" सगळी बाजू हसली. त्याची मुलगी खाली बघत होती.

आणि मला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या जागेवर माझा मित्र लोकांसमोर खजील होत होता, त्याला माहीत होतं की यानंतर संधी नाही, मलाही माहीत होतं, आणि माझ्या पोटात गोड वाटत होतं. पुढे खेळणं म्हणजे काय गंमत वाटली की काय, असं मी मनातल्या मनात म्हणालो. कॅप्टनचा चेहरा बघून तर आणखी बरं वाटलं.

शेवटची दहा मिनिटं राहिली. शून्य-शून्य. आम्हाला कॉर्नर मिळाला. कॅप्टननं मला लांबूनच हात दाखवला, की मागेच थांबा. मी मान हलवली. मग कॉर्नर मारणाऱ्यानं बॉल ठेवला आणि माझे पाय चालायला लागले. मी ठरवून गेलो नाही असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. ते खोटं आहे. मी ठरवून गेलो. मांडवाकडे बघून गेलो.

बॉल आत आला, गर्दीत कोणाच्या तरी खांद्याला लागला आणि लाइनमनच्या पुढ्यात पडला. कीपर जमिनीवर. गोल मोकळा, चार पावलांवर. तो वळला, सावकाश, एक हात कमरेवर, आणि त्यानं पाय मागे घेतला. मला त्याचा चेहरा दिसला. आयुष्यात त्याला गोलसमोर असा मी पाहिला नव्हता. हसत होता तो.

मी मागून धावत आलो आणि त्याच्या पायापुढून बॉल आत मारला.

मैदान पेटलं. पोरांनी मला उचललं. माईकवर कृषी केंद्रवाल्यांचा आवाज फाटला, माझं नाव, परत माझं नाव, "चाळिशी उलटली पन आमच्या मास्तरची शिकार चुकत नाई!" नारळ जाहीर झाले, दुपट्टे जाहीर झाले, आणि कोंबडा. मी मांडवाकडे धावलो. लाइनमनकडे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पळता आलं नसतं, एवढी लाज मला होती.

मांडवात मी कोंबडा दोन्ही हातांनी वर धरला. लोक फोटो काढत होते. लाइनमनची मुलगी हाताच्या अंतरावर होती, तिचा मोबाइल खाली गेलेला. ती माझ्याकडे बघत नव्हती, मैदानाकडे बघत होती. म्हणून मीही वळलो.

रेफरीनं खेळ सुरू केला होता. समोरच्या टीमला आमची रीत चांगली माहीत होती. त्यांनी तीन पासमध्ये बॉल सरळ माझ्या जागेवर आणला, म्हणजे जिथं मी असायला हवा होतो तिथं. त्यांचा पोरगा एकटा, पुढे फक्त आमचा कीपर. आणि तिथं लाइनमन होता. समोरच्या गोलपासून आमच्या गोलपर्यंत तो केव्हा पळाला कोणी पाहिलं नाही, सगळे मला बघत होते. त्यानं अंग झोकून दिलं, बॉल त्याच्या मांडीला लागून धुऱ्यापलीकडं गेला. त्यांचा पोरगा त्याच्यावर आदळून पडला आणि उठला. लाइनमन उठला नाही.

माईकवर तेव्हा मला स्टीलचा डबा देणाऱ्याचं नाव चाललं होतं.

"काका," त्याची मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "मागं तुमी होते नं?"

ती रागानं म्हणाली नाही. खरंच विचारत होती, काही चुकून समजलं की काय अशा सुरात. उत्तरासाठी थांबली नाही, चपला हातात घेऊन धसकटांतून पळत गेली. मला जायला हवं होतं. पण कोंबडा फडफडत होता, तो कोणाच्या हातात द्यायचा ते मला सुचेना, आणि मी तिथंच उभा राहिलो. चौघांनी लाइनमनला उचलून बाहेर आणलं. पाठ ताठ, दात आवळलेले. माझा दहा नंबर मातीनं भरला होता.

बदली खेळाडू आत गेला. कृषी केंद्रवाल्यांनी कॅप्टनकडून चिठ्ठी घेतली, माईक तोंडाशी धरला आणि लाइनमनचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाले, "यांच्या जागी," आणि दुसऱ्याचं नाव सांगितलं.